रिकाम्या ओळींचा लग्नविधी

रविवार, २१ ऑगस्ट १९९४

दादा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा.

लिहून ठेवते. म्हणजे चौथ्यांदा विचारायला जाताना निदान लाज वाटेल!

पाडवी पास्टरांनी काल चर्चमधल्या लग्नाचा क्रम समजावून सांगितला. वधूचा प्रवेश. गीत. प्रार्थना. मग पास्टर मोठ्यांदा विचारणार — या स्त्रीला लग्नात कोण देतो? वधूच्या वडिलांनी किंवा भावाने पुढे होऊन म्हणायचं — मी देतो. दोन शब्द. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली, आई गेल्या वर्षी गेली. म्हणजे दादाच.

‘द्यायला तू लहान आहेस का? घेतलंस ना स्वतःच ठरवून?’ दादा म्हणाला. पेपरातून डोकं वर काढलं नाही. वहिनी तांदूळ निवडत होती, तिनं सूपच आपटलं. ‘अडतिसाव्या वर्षी! तेही ख्रिस्ती! तेही बिजवर!’ माझे तीन गुन्हे तिनं बोटांवर मोजले. चौथा ती बोलत नाही — नवऱ्यामुलाचं आडनाव गावित, म्हणजे आदिवासी. बोलत नाही, पण शांतवन येऊन गेले त्या दिवशी त्यांची कपबशी वेगळी विसळली. मी पाहिलं.

आईचे रक्ताचे रिपोर्ट आणायला दोन वर्षं इथे सुरतेत ट्रस्टच्या दवाखान्यात जात होते. लॅबमध्ये शांतवन गावित. बाकीचे लोक कागद खिडकीतून सरकवायचे. हे बाहेर येऊन, बाकावर बसून, वाचून सांगायचे. वाईट असलं तर आधी विचारायचे — ‘घरून कोणी आलंय का बरोबर?’ कोणी नसायचंच. शेवटी शेवटी ते विचारेनासे झाले, नुसते शेजारी बसून राहायचे.

एवढंच आमचं प्रेमप्रकरण!

रविवार, २८ ऑगस्ट

तारीख ठरली. शनिवार, १ ऑक्टोबर, सकाळी दहा.

पास्टरांच्या घरी बसून विधीच्या क्रमाचा कागद केला. एकूण अकरा ओळी. गाणी म्हणायला नवापूरहून शांतवनच्या चुलतभावाची मंडळी येणार. बायबलमधला प्रीतीबद्दलचा उतारा वाचायला त्यांच्या लॅबमधल्या बाई. दोन साक्षीदार — एक त्यांच्याकडून मिळाला. माझ्याकडून? रिकामं. ‘कोण देतो’ — रिकामं. वधूपक्षाच्या स्वागताला — रिकामं. सगळ्या रिकाम्या ओळी माझ्याच.

चर्चमधले एक वडीलधारे, मकवानकाका, मध्येच म्हणाले, ‘बाई बाप्तिस्मा घेत नाहीत तर चर्चमध्ये विधी कशाला? कोर्टात करा ने!’ पास्टर म्हणाले, एकजण ख्रिस्ती असला तरी कायद्याने चालतं. काका चहा न घेता उठले. म्हणजे तिकडेही मी कोणाला नकोच!

परत येताना शांतवन पहिल्या बायकोबद्दल, मेरीबद्दल बोलले. पहिल्यांदाच. आठ वर्षांपूर्वी त्याच दवाखान्यात, तापाच्या वॉर्डात गेली. ‘मी तिचे रिपोर्ट स्वतः काढत होतो,’ म्हणाले.

रविवार, ४ सप्टेंबर

चर्चमध्ये आमची नावं वाचली. तीन रविवार वाचायची असतात, कोणाची हरकत असेल तर सांगावी म्हणून. हरकत असलेले सगळे आमच्या घरीच बसले होते.

शनिवार, १० सप्टेंबर

गणपती बसले. काल मोदकांचं सारण करायला गेले, तर वहिनीने खोबरं स्वतःकडे ओढून घेतलं. ‘राहू दे ताई, तुझा हात आता—’ पुढचं गिळलं. आरतीला मी दारात उभी. दादाने तबक सगळ्यांपुढे फिरवलं, माझ्याकडे येता येता तो वळला.

रविवार, १८ सप्टेंबर

तिसऱ्यांदा नावं वाचली. हरकत नाही.

मी शिकवते त्या शाळेच्या सायक्लोस्टाइल मशीनवर क्रमाचा कागद काढायचा म्हणून स्टेन्सिल कापायला बसले. ‘वधूस देणार’ याच्यापुढे दादाचं नाव, ‘श्री. दिलीप’, लिहिलं. मग दुरुस्तीच्या लाल शाईने बुजवलं. वाळल्यावर पुन्हा लिहिलं. पुन्हा बुजवलं. तिथे आता एक पुळी आली आहे.

दादा जेवताना एकच वाक्य बोलला — ‘एक तारखेला पितृपक्ष आहे, माहीत आहे ना?’ म्हणजे तारीख त्याच्या लक्षात आहे!

बुधवार, २१ सप्टेंबर

शिक्षकखोलीत कुजबुज. वेड रोडकडे माणसं पटापट मरताहेत म्हणे. ताप येतो, खोकल्यातून रक्त पडतं, दुसऱ्या दिवशी माणूस संपतो. कोणी म्हणे पाण्यात विष. कोणी म्हणे प्लेग. प्लेग! तो तर आजीच्या गोष्टीत असायचा.

गुरुवार, २२ सप्टेंबर

प्लेगच.

शाळा बंद. आमच्या डिंडोलीत सकाळपासून माणसं निघाली आहेत — डोक्यावर ट्रंका, काखेत मुलं, तोंडाला रुमाल. उधना स्टेशनात पाय ठेवायला जागा नाही. शेजारच्या शोभाबाईने घराला कुलूप घालता घालता मला हाक मारली — ‘काय करी ऱ्हायनीस वं आठे? चाल आमनासंगे!’ प्लेगवरच्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या कुठेही नाहीत. केमिस्टचीच दुकानं बंद.

दुपारी शांतवन आले. दारातच उभे राहिले, आत येईनात. ‘मी वॉर्डात जाऊन आलोय.’ दोन हातांवरून बोलणं.

‘तुम्ही दादांबरोबर जा, सुलभा.’

‘आणि तुम्ही?’

‘मी ड्यूटीवर आहे. नमुने मलाच तपासायचेत.’

मी म्हटलं, मग मी पण इथेच. त्यांनी गोळ्यांची एक पट्टी खिडकीच्या चौकटीवर ठेवली आणि गेले.

शुक्रवार, २३ सप्टेंबर

दादा-वहिनी अमळनेरला गेले. दादा दारातून परत आला. ‘चल. हट्ट करू नकोस. आईला काय तोंड दाखवू मी?’ किती महिन्यांनी माझ्याकडे बघून बोलला! जावंसं वाटलं. फार वाटलं.

पण शांतवन तिथे, आणि मी अमळनेरला भाकरी खात बसू? मग एक तारखेला त्यांच्यासमोर उभी राहून सुखात, दुःखात, आजारात असं काय म्हणू?

‘नाही रे दादा,’ म्हटलं. तो गेला.

शनिवार, २४ सप्टेंबर

पास्टर सहकुटुंब नंदुरबारला निघाले. जाता जाता निरोप — विधी पुढे ढकलू, परिस्थिती निवळली की बघू. नवापूरची मंडळी अर्थातच येणार नाहीत. प्रीतीचा उतारा वाचणाऱ्या बाई परवाच गाव सोडून गेल्या.

एकेक ओळ खोडली. अकरातल्या दोन उरल्या. प्रवेश आणि वचनं. माणसं दोन, म्हणून ओळी दोन.

सोमवार, २६ सप्टेंबर

डबा घेऊन दवाखान्यात जाते. रिक्षा नाहीत, चालतच. फाटकावर लक्ष्मणभाऊ असतो — शिंदखेड्याकडचा, पन्नाशीचा, आईच्या वेळेपासून ओळखीचा. आत कोणालाच सोडत नाहीत. तो डबा घेतो, आदल्या दिवशीचा देतो. ‘साहेब आत शेतस,’ आत आहेत, एवढंच म्हणतो. डबा रिकामा असतो, घासलेलाही! त्या गडबडीत डबा घासून पाठवतात शांतवन. मी तो उन्हात धरून बघते.

यंत्रमाग बंद. इतकी वर्षं त्या खटखटीने डोकं उठायचं, आता शांततेने उठतं. गल्लीत म्युनिसिपालिटीची पांढरी भुकटी पसरली आहे, तिच्यावर फक्त माझीच पावलं, जातानाची आणि येतानाची.

मंगळवार, २७ सप्टेंबर

दोन पत्रं लिहिली. एक दादाला, एक पास्टरांना. दोन्हींत तेच — शांतवन एक दिवस दवाखाना सोडून गेले नाहीत, घरी आलेले नाहीत, मी फाटकावरून डबा देते, माझी काळजी करू नका. लिहिताना छाती भरून आली. खोटं कशाला बोलू, थोडा तोराही आला. बघा म्हणावं, कोणाला नको म्हणत होतात!

गुरुवार, २९ सप्टेंबर

अंगात कणकण. थर्मामीटर नाही. पट्टीतल्या गोळ्या घेतल्या. आत्ता इथे मेले तर कोणाला कळेल? लक्ष्मणभाऊला. डबा आला नाही म्हणून.

शनिवार, १ ऑक्टोबर

ताप उतरला. आजची तारीख.

लग्नासाठी घेतलेली मोतिया रंगाची साडी नेसले. वेड लागलं होतं, दुसरं काय! ठरवलं, फाटकातून लांबून का होईना बघायचंच. दहा वाजता त्यांनी खिडकीत यावं, मी रस्त्यावर. पुरे झालं.

लक्ष्मणभाऊने मला त्या साडीत पाहिलं आणि मटकन स्टुलावर बसला.

‘बाई, साहेब आठे नहीत.’

इथे नाहीत म्हणजे? मला वाटलं, गेले. मेले. विचारलं — कधी?

‘शुक्रवारलेच. आठ दिन व्हयनात. मायनी तब्येत बरी नही अशी चिठ्ठी ठी गयात. नवापूरले.’

मग डबा?

‘मी खादा. सगळा हॉटेल बंद, पोटमा काहीच नही. पहिला दिन भूकमुळे बोलनू नही. मंग बोलानी हिंमतच व्हयनी नही.’ रडत होता. तो आठ दिवस त्या फाटकावरून हलला नव्हता. मीच त्याला म्हटलं, रडू नका. डबा पुढे केला. आजचाही खा.

साडी धुवायला टाकली नाही. कोपऱ्यात पडली आहे.

सोमवार, ३ ऑक्टोबर

काही नाही.

बुधवार, ५ ऑक्टोबर

काही नाही. लोक परतायला लागले. बमरोलीकडच्या गिरण्यांचा भोंगा ऐकू आला.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

तो आला. (इथे शांतवनला ‘तो’ लिहिलं. राहू दे.)

खुर्चीच्या कडेवर बसला. दाढी वाढलेली. मी पाणी दिलं नाही.

‘मी घाबरलो, सुलभा.’

मी दार लोटून घेतलं.

‘शुक्रवारी सकाळी थुंकीचा एक नमुना आला. बाटलीवर नाव होतं मेरी. कोणीतरी दुसरीच. मी बाटली ठेवली आणि हात धुतले. धुतच राहिलो. मग चिठ्ठी लिहिली. मग स्टेशनवर होतो.’

‘आणि मी इथे होते.’

‘हो.’

‘सांगून तरी जायचं.’

‘तुमच्याकडे आलो असतो तर जाणं झालं नसतं.’

रागवायला गेले तर त्या माणसाच्या तोंडाकडे बघवेना. साऱ्या सुरतेतून माणसं पळाली. डॉक्टर पळाले. दादा गेला त्याचा राग आला नव्हता मला, मग याचाच का? कारण बाकीच्यांसाठी मी थांबले नव्हते.

‘लग्न मोडायचं का?’ त्याने विचारलं. मला ‘हो’ म्हणता आलं नाही. ‘नाही’सुद्धा नाही.

रविवार, १६ ऑक्टोबर

पास्टर परतले. चर्च भरलेलं. उपासना संपताना त्यांनी खिशातून कागद काढला — माझं पत्र! म्हणाले, हे नंदुरबारच्या मंडळीत वाचलं तेव्हा बायका रडल्या. मग इथेही वाचलं. सगळं. ‘एक दिवस दवाखाना सोडून गेले नाहीत.’

शांतवन खाली मान घालून बसला. लोकांना वाटलं, किती नम्र!

मकवानकाका उभे राहिले — तेच, चहा न घेता उठलेले. ‘लग्नाच्या विधीतच आपण भाई शांतवननो सत्कार करीए. सह्या झाल्या की आशीर्वादाच्या आधी. शाल माझ्याकडून.’ नवी तारीख तिथेच ठरली, १२ नोव्हेंबर. मी शांतवनकडे बघत राहिले. आत्ता बोलेल. आत्ता.

तो काहीच बोलला नाही.

रविवार, २३ ऑक्टोबर

दादा-वहिनी परतले. दादाने मला बोलावलं. अमळनेरला माझं पत्र आल्यावर त्याने ते दोनदा वाचलं म्हणे. ‘मी बायकोला घेऊन पळालो, तुला टाकून. आणि तो परका माणूस थांबला. जिवावर उदार होऊन थांबला, सुलू.’ दादाचे डोळे भरले. बाबा गेले तेव्हाही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. ‘मी येतो चर्चमध्ये. पास्टर विचारतील तेव्हा मीच म्हणेन.’

हेच हवं होतं ना मला? तीन वेळा याच्याच पाया पडले ना? मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंड धूत उभी राहिले.

रविवार, ३० ऑक्टोबर

दवाखान्यातल्या त्याच बाकावर. मी म्हटलं, सांगून टाका. निदान पास्टरांना. निदान शाल नको म्हणा.

‘आता काय सांगू? निम्मा दवाखाना गेला होता. कोणी कोणाला विचारत नाही.’ मग — ‘पत्र तुम्ही लिहिलंत, सुलभा. मी कुठे काय म्हणालो?’

खरं आहे. खोटं माझ्याच अक्षरात आहे.

लक्ष्मणभाऊला लग्नाला बोलावलं. हात जोडले त्याने. ‘मी येस नही, बाई. साहेबले मनाकडे पाहानं पडी.’ साहेबांना त्याच्याकडे बघावं लागेल, म्हणून.

सोमवार, ७ नोव्हेंबर

नवा स्टेन्सिल. आता बारा ओळी. एकही रिकामी नाही! वधूस देणार — श्री. दिलीप. साक्षीदार — बँकेतले दादाचे मित्र. स्वागत — वहिनी. दहावी ओळ — ‘प्लेगच्या काळातील सेवेबद्दल श्री. शांतवन गावित यांचा सत्कार’. लेखणीचं टोक इतकं दाबलं की ‘सेवेबद्दल’चा ‘से’ फाटला. शंभर प्रती काढल्या. शंभरांवरही तिथे शाईचा डाग.

गुरुवार, १० नोव्हेंबर

चर्चमध्ये रंगीत तालीम. पास्टरांनी विचारलं — या स्त्रीला लग्नात कोण देतो? ‘मी देतो!’ दादा एवढ्या मोठ्याने ओरडला की सगळे हसले. तोही हसला. मग हसता हसता त्याचा आवाज फाटला.

वहिनीने हिरव्या बांगड्या आणल्या. पास्टरांना विचारत होती, ‘चालतील ना तुमच्यात?’ शांतवनला तिने स्वतः चहा दिला. नेहमीच्या कपात.

सगळं मिळालं. आणि हात लावावा असं त्यात काही नाही.

शुक्रवार, ११ नोव्हेंबर, दुपार

ठरलं. उद्या सकाळी, चर्चला निघायच्या आधी, दादाला सांगणार. तो येणार नाही. वहिनी बांगड्या काढून घेईल. मकवानकाका शाल परत नेतील. लग्न मोडलं तर मोडू दे. तशीही एकटीच होते. पण देवासमोर — त्यांचा असो की आमचा — टाळ्या वाजत असताना मला उभं राहता येणार नाही.

निदान कोणीतरी एकाने तरी खरं बोलायला हवं. शांतवनला ते जमणार नाही, हे मला आता पक्कं कळलं आहे.

रविवार, १३ नोव्हेंबर

काल लग्न झालं.

सकाळी दादा नवा सदरा घालून आरशासमोर उभा होता. सांगितलं नाही.

सह्या झाल्यावर पास्टरांनी शाल माझ्याच हातात दिली. मग शांतवनना म्हणाले, दोन शब्द बोला. ते उठले. चेहरा पांढराफटक. दादाकडे वळले. ‘मला एक सांगायचं आहे. त्या दिवसांत मी इथे—’

मी शाल त्यांच्या खांद्यांवर टाकली आणि दोन्ही टोकं गळ्याशी घट्ट ओढून धरली.

‘फार दमलेत ते,’ मी सगळ्यांना सांगितलं. ‘राहू द्या.’

टाळ्या झाल्या. दादाच्या सगळ्यांत मोठ्या.